उडत्या हंसाचा फोटो कसा काढतात?

“कॅमेरा चांगला आहे, लेन्सही मोठी आहे, तरी उडत्या पक्ष्याचा फोटो धड का येत नाही?” हिवाळ्यात भिगवणला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या तोंडी हा प्रश्न असतो. पाण्यात उभ्या असलेल्या रोहितांचे फोटो झकास आलेले असतात. काठावरचा बगळाही पिसापिसांसकट आलेला असतो. पण डोक्यावरून कलकलाट करत गेलेल्या हंसांच्या थव्याचे फोटो उघडावेत, तर कुठे नुसतं आकाश, कुठे कडेला अर्धा पंख आणि जिथे अख्खा पक्षी सापडलाय तिथे तो करडा, पुसट डाग.

यात दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. बसलेला पक्षी दिसल्यावर फोटो काढता येतो. उडता पक्षी दिसेपर्यंत मात्र उशीर झालेला असतो. तो पुढच्या क्षणी कुठे असेल, हे आधी ठाऊक असावं लागतं. त्यामुळे या प्रकरणात आधी थोडा हिशोब, मग पक्षी, मग वारा आणि ऊन, आणि त्यानंतर कॅमेऱ्याची बटणं, अशा क्रमाने जाऊ.

१. पाव सेकंदाचा हिशोब

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे साधारणपणे ४०० मिलिमीटरची लेन्स असते. ती दूरचं जवळ आणते, पण त्या बदल्यात नजरेचा पट्टा अरुंद करते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ही लेन्स लावली, तर ४० मीटर अंतरावर तिला जेमतेम ३.६ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. त्यापलीकडचं सगळं फ्रेमबाहेर.

आता या तुकड्यातून हंस जाऊ द्या. त्याचा वेग ताशी ६० किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. कॅमेरा स्थिर धरला, तर ३.६ मीटरचा तुकडा ओलांडायला त्याला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत पोचून बोट हलायला? जवळजवळ पाव सेकंद. तेवढ्या वेळात हंस चार मीटर पुढे गेलेला असतो. तुम्ही त्याला फ्रेममध्ये पाहिलंत, बटण दाबलंत, आणि फोटो निघाला तेव्हा तो फ्रेममध्ये नव्हताच. रिकाम्या आकाशाचं कोडं इथेच सुटतं.

हा पाव सेकंद पैसे टाकून विकत घेता येत नाही. काही नव्या कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबून ठेवलं की मागच्या काही क्षणांचे फोटो तात्पुरते साठत राहतात, आणि पूर्ण दाबल्यावर तेही हाती लागतात. सोय उत्तम आहे, पण त्या क्षणांत पक्षी फ्रेमच्या आत असला तरच तिचा उपयोग. शेवटी प्रश्न तोच उरतो: पक्षी कुठून येणार आणि कुठे जाणार, हे आधी कसं ओळखायचं?

२. पक्षी निवडावा तर असा

पाकोळीच्या मागे कॅमेरा घेऊन लागलात तर पहिल्याच सकाळी हा छंद सोडून द्याल. ती कधी कुठे वळेल याचा नेम नाही. शिकायला पक्षी हवा मोठा, सरळ उडणारा आणि सवयीचा पक्का. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा पट्टकादंब नेमका तसा आहे.

हा रानहंस दोन ते तीन किलो वजनाचा. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे दीड मीटर भरतो. अंग राखाडी, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी, चोचीच्या टोकाला काळा ठिपका. डोकं पांढरंशुभ्र आणि त्यावर दोन काळे पट्टे: एक एका डोळ्यापासून डोक्याच्या मागून दुसऱ्या डोळ्यापर्यंत गेलेला, दुसरा त्याखाली, आखूड. त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लांना हे पट्टे नसतात. हंस कुटुंबाने प्रवास करतात आणि पिल्लं पहिल्या हिवाळ्यात आईबापांसोबतच राहतात. त्यामुळे चांगल्या फोटोत दोन पट्टेवाल्यांच्या मागे बिनपट्ट्यांची पिल्लं ओळखू येतात.

त्यांची घरटी मंगोलियात, तिबेटच्या पठारावर, चीनमधल्या छिंगहाय प्रांतात, किरगिझस्तानात आणि आपल्या लडाखमध्ये त्सो मोरीरी, त्सो कार अशा उंचावरच्या तळ्यांकाठी असतात. थंडीत ती तळी गोठू लागली की हे पक्षी हिमालय ओलांडून भारतात उतरतात. महाराष्ट्रात भिगवणजवळच्या उजनीच्या फुगवट्यावर, निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, जायकवाडीच्या नाथसागरावर आणि विदर्भातल्या तलावांवर ते दिसतात. साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि मार्चपर्यंत परततात.

नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. उजनीचं धरण भीमेवर १९८० साली पुरं झालं. ही दोन्ही ठिकाणं माणसाने पाणी अडवल्यामुळे तयार झालेली. हिवाळा पुढे सरकतो तसं पाणी ओसरतं, गाळाचे काठ उघडे पडतात आणि हंसांना बसायला मोकळी, सपाट, चारी बाजूंनी दिसणारी जागा मिळते. कुत्रा किंवा कोल्हा लांबूनच दिसावा, ही त्यांची गरज. कॅमेरा घेतलेला माणूसही अर्थातच तितक्याच लांबून दिसतो.

३. हंसाचं वेळापत्रक

पट्टकादंब दिवसा पाण्याकाठी किंवा बेटांवर विसावतात आणि चरायला मुख्यतः रात्री जातात. गवत, गाळपेऱ्यातला हरभरा, आसपासच्या रानातला कोवळा गहू हे त्यांचं खाणं. म्हणजे दिवसात दोन मोठ्या फेऱ्या: संध्याकाळी पाण्याकडून शेताकडे, पहाटे शेताकडून पाण्याकडे. त्यांचं उडणं पाहायचं तर या दोन वेळा गाठायच्या. सकाळी नाश्ता आटोपून निघणाऱ्याला दिसतात ते झोपाळलेले, पंखात चोच खुपसून बसलेले हंस.

पहाटेची वेळ आणखी एका कारणाने सोयीची. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढू लागते आणि दूरचं दृश्य थरथरू लागतं. डांबरी रस्त्यावर उन्हात दिसते तीच ही थरथर, लांब लेन्समधून कितीतरी मोठी होऊन दिसते. फोकस अचूक असूनही फोटो मऊ येतो आणि आपण लेन्सला नावं ठेवत बसतो. दहा वाजल्यानंतर दोनशे मीटरवरच्या हंसाचा कोरीव फोटो येणं अवघड. पहाटेची गार, स्थिर हवा ही अडचण बऱ्याच अंशी काढून टाकते.

गार हवा हंसांच्याही कामाची असते. उपग्रहाद्वारे माग ठेवलेल्या पट्टकादंबांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हिमालय चढताना हे पक्षी दिवसा डोंगरउतारावरून वर वाहणाऱ्या वाऱ्याची वाट पाहत नाहीत, तर रात्री आणि पहाटे उडणं पसंत करतात, असं त्यातून दिसलं. गार हवा दाट असते, पंखांना जास्त उचल देते आणि श्वासागणिक थोडा जास्त प्राणवायूही. अशा एका पक्ष्याची ७,२९० मीटर इतकी उंची नोंदली गेली आहे.

४. वारा कुठून, ऊन कुठून

सगळ्यात उपयोगी नियम एका ओळीचा: हंस वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. पंखावरून हवा जितक्या वेगाने वाहील तितकी उचल जास्त. समोरून वारा असला तर जमिनीवरचा वेग कमी असतानाही पाय सुटतात, आणि उतरताना पाय हळुवार टेकतात.

यावरून तुमची जागा ठरते. वारा पाठीवर घेऊन उभे राहिलात, तर उठणारे आणि उतरणारे हंस तुमच्याकडे तोंड करून येतील. वारा तोंडावर घेऊन उभे राहिलात, तर दिसतील शेपट्या. त्यात उन्हाची भर घाला. ऊन पाठीशी असलं की पक्ष्याच्या अंगावर, डोळ्यात उजेड पडतो. सूर्य समोर असला की नुसती काळी आकृती.

उदाहरण घेऊ. हिवाळ्यातली सकाळ, सूर्य पूर्वेला आणि वाराही पूर्वेकडून आहे. मग पाण्याच्या पूर्व काठावर, पाण्याकडे म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायचं. ऊन पाठीवर, वारा पाठीवर, हंस समोरून तुमच्याकडे. आता समजा वारा पश्चिमेचा आहे. पूर्व काठावर ऊन चांगलं पण पक्षी पाठमोरे, आणि पश्चिम काठावर पक्षी समोर पण सूर्यही समोर. अशा वेळी उत्तर किंवा दक्षिण काठ गाठावा. पक्षी आडवे जातील, उजेड बाजूने पडेल, आणि पंखांच्या हालचालीचे सगळ्यात चांगले फोटो आडवे जाणाऱ्या पक्ष्यांचेच येतात. वारा अगदीच मंद असेल तर बसलेल्या हंसांकडे पाहा. वाऱ्याने पिसं विस्कटू नयेत म्हणून बसलेले पक्षीही बहुधा वाऱ्याकडेच तोंड करतात.

हंस उठण्याआधी खुणाही देतात. विसावलेला थवा एकदम उडत नाही. आधी एखाददुसरी मान ताठ होते, मग शेजारच्यांच्या. डोकी हलू लागतात, अंग वाऱ्याच्या दिशेने वळतं, मघाशी कुजबुजीसारखा असलेला आवाज चढत जातो. मग दोनचार पावलं पळून पंख उघडतात. मान ताठ होण्यापासून पाय सुटेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात कॅमेरा डोळ्याला लावून तयार राहायचं असतं. त्या पाव सेकंदाला हाच उतारा.

येणाऱ्या थव्याची वर्दी मात्र कानाला मिळते. हंस उडताना सतत नाकात बोलल्यासारखे ओरडतात आणि शांत पहाटे तो आवाज दुरून येतो. १९५४ साली मकालू शिखराच्या मोहिमेवर गेलेले अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वान यांना हिमालयावरून रात्री जाणारे हे हंस दिसले नव्हते, त्यांचा आवाज ऐकू आला होता. पुढे शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून उंची मोजली, पण गोष्टीची सुरुवात कानापासून झाली. म्हणून इअरफोन खिशातच राहू द्या.

५. शटर किती वेगाचं?

कॅमेऱ्यातला पडदा जितका वेळ उघडा राहतो, तो शटर स्पीड. १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात पक्षी जितका सरकेल, तितका तो फोटोत फराटला जातो.

आपला हंस सेकंदाला १६.७ मीटर जातो. १/२५० सेकंदात तो सुमारे ६.७ सेंटिमीटर सरकेल, १/१००० मध्ये १.७ आणि १/२००० मध्ये ०.८ सेंटिमीटर. हा झाला कॅमेरा स्थिर धरला तरचा हिशोब. पक्ष्याबरोबर कॅमेराही त्याच वेगाने फिरवला तर अंगाचं सरकणं जवळपास नाहीसं होतं. पंखांचं मात्र होत नाही, कारण ते वर-खाली जातात आणि कॅमेरा जातो आडवा.

पट्टकादंब सेकंदाला साधारण चार वेळा पंख मारतो. प्रत्येक वेळी पंख एकदा खाली आणि एकदा वर, म्हणजे सेकंदात आठ फटके. एका फटक्यात पंखाचं टोक अंदाजे एक मीटर फिरतं असं धरलं, तर टोकाचा सरासरी वेग सेकंदाला आठ मीटर. १/२५० सेकंदात टोक तीन सेंटिमीटरहून जास्त हलेल आणि तिथली पिसं एकमेकांत मिसळतील. १/२००० मध्ये ते फक्त चार मिलिमीटर हलेल आणि पीस न् पीस वेगळं दिसेल. म्हणून उडत्या हंसासाठी १/१६०० ते १/२००० हा चांगला आरंभ.

सगळं गोठवायलाच हवं असंही नाही. १/६० किंवा १/३० ला कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवला, तर डोकं आणि डोळा स्पष्ट येतो, पंख धुरकट होतात आणि मागचं शेत आडव्या रेघांत विरघळतं. असे शंभरातले पाच फोटो जमले तरी हात बसला म्हणायचं. संध्याकाळी उजेड उतरल्यावर १/२००० तसंही परवडत नाही, तेव्हा घरी जाण्यापेक्षा हा प्रयोग करावा.

६. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवणं

या कसबाला पॅनिंग म्हणतात. धावत्या एसटीत चढणारा माणूस आठवा. तो उभ्या जागेवरून दांडी पकडत नाही. आधी गाडीच्या बाजूने पळतो, वेग जुळला की दांडी धरतो, आणि धरल्यावरही दोन पावलं पळतोच. पॅनिंगचे टप्पे हेच. पक्षी दूर असतानाच त्याला फ्रेममध्ये घ्या. काही क्षण नुसते त्याच्यासोबत फिरा, बटण दाबू नका. वेग जुळला की दाबा. दाबून झाल्यावरही फिरत राहा. बटण दाबताक्षणी हात थांबवणं ही नवशिक्याची सगळ्यात मोठी खोड, आणि अर्ध्या पंखांचे फोटो बहुतेक त्यातूनच जन्मतात.

फिरायचं ते कमरेतून. पाय खांद्याइतके फाकवून, पक्षी जिथे फोटोला हवा त्या दिशेला आधीच रोखून ठेवावेत. मग कमरेतून मागे वळून, पक्षी येत असेल तिथून सुरुवात करावी. फोटोच्या जागी पोचताना शरीर सरळ होतं आणि हात मोकळे राहतात. याच्या उलट उभे राहिलात, तर ऐन वेळी कंबर पिळवटून अडते.

पक्षी सापडतच नसेल तर झूम मागे घ्या. २०० मिलिमीटरला फ्रेम दुप्पट रुंद होते, पक्षी सापडला की पुढे न्या. आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा: एक कॅमेऱ्यात, दुसरा आकाशात.

७. फोकस

कॅमेऱ्यात फोकसची दोन वळणं असतात. एकात तो एकदा जुळतो आणि तिथेच थांबतो. दुसऱ्यात बटण अर्धं दाबलेलं आहे तोवर सतत जुळत राहतो. उडत्या पक्ष्याला दुसरंच हवं. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीत एएफ-सी. नवे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात. हंसाच्या बाबतीत मात्र एक अडचण येते: काळा डोळा काळ्या पट्ट्याच्या अगदी टोकाशी असतो, आणि उजेड कमी असला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी मान आणि डोकं यांवर फोकस धरावा. पुढच्या पंखावर धरला, तर पंख कोरीव आणि चेहरा मऊ, असा फोटो येतो.

फोकस जुळलेल्या जागेच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही स्पष्ट दिसतं. या खोलीचा अंदाज असावा. ४०० मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ/५.६ आणि पक्षी ५० मीटरवर, तर साधारण ४७ ते ५३ मीटरपर्यंतचं स्पष्ट येतं, म्हणजे पाच-सहा मीटरची पट्टी. तोच थवा २०० मीटरवर असेल तर पट्टी ऐंशी मीटरच्या पुढे जाते. म्हणूनच दूरची अख्खी रांग एकसारखी स्पष्ट येते. जवळ आलेल्या, तुमच्याकडे तोंड केलेल्या रांगेत मात्र एकाच हंसाची निवड करावी लागते. सगळ्यांच्या मागे लागलात तर एकही हाती लागत नाही.

८. पांढरं डोकं, काळ्या कडा

प्रकाशाचा हिशोब तीन गोष्टींवर चालतो: शटर किती वेळ उघडं, लेन्सचं छिद्र किती मोठं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील. जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवलं, तर शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. एफ/१६ वरून एफ/५.६ वर आलो की आठपट उजेड आत येतो, म्हणून शटर १/८०० करता येतं. आयएसओ १०० चं ४०० केलं की आणखी चौपट, म्हणजे १/३२००. लख्ख उन्हात काम सोपं आहे.

सूर्य नुकताच वर आलेला असताना उजेड याच्या आठव्या हिश्शाएवढा धरा. तेव्हा त्याच आयएसओ ४०० ला शटर १/४०० वर येतं, आणि आपल्याला हवं १/१६००. मग आयएसओ १६०० करायचा. फोटोत थोडे दाणे दिसतील, ते नंतर कमी करता येतात. फराटलेला पंख नंतर दुरुस्त होत नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या स्वभावाची. समोर जे असेल ते सरासरी करड्या उजेडाचं आहे असं तो धरून चालतो. पांढुरक्या आकाशापुढे हंस आला की कॅमेरा आकाश करडं करायला जातो आणि हंस काळवंडतो. तेव्हा एक्स्पोजर एका पायरीने वाढवावं. हंस खाली उतरून गडद पाण्यापुढे आला की उलटं होतं: पाण्याला उजळवण्याच्या नादात पांढरं डोकं भाजून निघतं आणि गालावरची बारीक पिसं नुसत्या पांढऱ्या ठिगळात हरवतात. तिथे एक पायरी कमी. हंस आकाशातून पाण्यावर उतरताना ही दोन्ही दृश्यं पाचेक सेकंदांत येतात, त्यामुळे सरावलेले लोक कॅमेऱ्यावर विसंबत नाहीत. उन्हात हंसाच्या डोक्याला योग्य उजेड किती ते एकदा ठरवतात आणि तीनही आकडे स्वतः पक्के करून टाकतात. मागे आकाश असो की पाणी, हंसावर पडणारं ऊन तेच असतं.

९. बर्स्ट आणि पंखांची लय

एका दमात अनेक फोटो काढण्याला बर्स्ट म्हणतात. ही हौस जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. चाप ओढला की तो सेकंदाला बारा फोटो काढायचा, प्रत्येक १/७२० सेकंदाचा. पक्षी नेमका कसा पंख मारतो हे त्यांना पाहायचं होतं, आणि आपण ज्या आकड्यांची चर्चा करतोय त्यांच्या आसपास ते तेव्हाच पोचले होते.

बर्स्टचा वेग आणि पंखांची लय यांचा एक गमतीदार संबंध आहे. हंस सेकंदाला चार वेळा पंख मारतो आणि कॅमेरा सेकंदाला आठ फोटो काढतो असं समजा. मग एका पंखमारीत दोनच फोटो येणार. नेमके पंख वर किंवा खाली असताना बर्स्ट सुरू झाला, तर पुढचे सगळे फोटो जवळपास त्याच दोन स्थितींचे. पक्ष्याची लय घड्याळासारखी पक्की नसते म्हणून हळूहळू फरक पडतो, पण दोन सेकंदांच्या बर्स्टमध्ये तेच तेच फोटो का आले याचं उत्तर इथे असतं. सेकंदाला वीस फोटो असतील तर प्रत्येक पंखमारीतून पाच वेगळ्या स्थिती मिळतात. वेगवान कॅमेरा नसेल तर एक लांब बर्स्ट मारण्याऐवजी चार-पाच छोटे मारावेत. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या क्षणी होते.

निवडताना पाहायचं काय? पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असताना हंसाचा आकार खुलतो. पंख अंगाच्या पातळीत असताना बाजूने तो नुसती काठी दिसतो. डोळा दिसायला हवा आणि पक्ष्याच्या पुढे मागच्यापेक्षा जास्त जागा हवी.

उतरतानाचे फोटो सोडू नका. घाईने खाली यायचं असलं की हंस काही क्षण अंग उलटं करून हवा पंखांतून सांडतात आणि वेगाने घसरत खाली येतात. या वेळी अंग उलटं आणि डोकं मात्र सुलटं असतं. २०२१ साली नेदरलँड्समध्ये एका हौशी फोटोग्राफरने असा उलटा उडणारा हंस टिपला, तेव्हा फोटो खोटा आहे असं पुष्कळांना वाटलं होतं. मानेला पीळ बसलेला, छाती आकाशाकडे आणि चेहरा अगदी निवांत, असा तो क्षण कसाबसा सेकंदभर टिकतो.

१०. रांगेचा फोटो

हंस तिरप्या रांगेत किंवा बाणाच्या टोकासारखी रचना करून उडतात. पंखाच्या टोकाबाहेर हवा वर ढकलली जाते, मागचा पक्षी थोडा बाजूला राहून त्या वर जाणाऱ्या हवेचा आधार घेतो. २०१४ साली आयबिस जातीच्या पक्ष्यांवर उपकरणं बसवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की ते फक्त जागाच नाही तर पंख मारण्याची वेळही पुढच्याशी जुळवून घेतात.

फोटोसाठी याचा अर्थ असा, की रांगेतल्या पक्ष्यांमधलं अंतर बऱ्यापैकी कायम राहतं आणि रचना काही सेकंद टिकते. बाजूने पाहिलं तर बाण दिसत नाही, एक ओळ दिसते. बाण हवा असेल तर त्यांच्या वाटेखाली उभं राहावं. ४०० ची लेन्स इथे उपयोगाची नाही, ७० ते २०० मिलिमीटर पुरते. पक्षी एकमेकांवर चढलेले नसावेत, प्रत्येकाभोवती थोडं आकाश असावं, एवढं पाहिलं की झालं.

११. उडवून काढलेला फोटो

होडी जोरात आत घातली किंवा काठावरून पळत गेलं की थवा उठतो आणि फोटो मिळतो, असं काहींना वाटतं. आत्तापर्यंतचा हिशोब लावून पाहा. घाबरलेला हंस तुमच्यापासून लांब जातो, म्हणजे फोटोत पाठ आणि शेपटी येते. सगळे एकदम उठल्याने रांग नाही, गर्दी असते. आणि एकदा उठवलेला थवा त्या सकाळी तिथे पुन्हा बसेलच असं नाही, त्यामुळे मागून येणाऱ्यांचीही सकाळ जाते. हंसाचं नुकसान त्याहून मोठं. उडण्याइतकं खर्चिक काम पक्ष्याला दुसरं नाही, आणि हिवाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवरच त्याला पुन्हा हिमालय ओलांडायचा असतो.

म्हणून नावाड्याला आधीच सांगावं: इंजिन लांबच बंद करा, वल्ह्याने तिरपं जाऊ, थेट थव्यावर नको. माना ताठ व्हायला लागल्या की तिथेच थांबायचं. थोड्या वेळाने माना पुन्हा खाली जातात. मग ते आपल्या मर्जीने उठतात, वाऱ्याकडे तोंड करून, आणि तुम्ही योग्य बाजूला असलात तर तुमच्याकडे.

१२. फोटो पुढे कामालाही येतो

मंगोलियात अभ्यासक काही पट्टकादंबांच्या गळ्यात रंगीत पट्टा घालतात. त्यावर मोठ्या अक्षरांत खूण असते. असे पट्टेवाले हंस भारतात अनेक ठिकाणी दिसले आहेत. दुर्बिणीतून उडत्या हंसाच्या गळ्यावरची अक्षरं वाचणं जवळपास अशक्य. १/२००० ला काढलेल्या, मानेवर फोकस असलेल्या फोटोत ती घरी बसून वाचता येतात. मग पट्ट्याचा रंग, अक्षरं, तारीख आणि ठिकाण पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा पक्षी-अभ्यास करणाऱ्या संस्थेला कळवावं. तो हंस कधी, कुठून निघाला होता, हे उत्तर त्यातून मिळू शकतं.

सरावासाठी मात्र डिसेंबरची वाट पाहायची गरज नाही. गच्चीवरून जाणारे पारवे, संध्याकाळी वस्तीच्या झाडाकडे परतणारे बगळे, कावळे हे सगळे वेळापत्रकाचे पक्के असतात. आठवडाभर त्यांची वाट, वारा आणि वेळ लिहून काढा, मग कॅमेरा हातात घ्या. कावळ्याचा डोळा स्पष्ट यायला लागला की भिगवणच्या नावाड्याला फोन करायला हरकत नाही.